चोवीस इंची कोणाला द्यायची?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आमच्या लहानपणी सायकली घंट्यावर किरायाने मिळत. दुकानदार वहीत नाव लिहिण्याआधी पोराच्या पायांकडे बघे. मी एकदा हिरव्या चोवीस इंचीला हात घातला, तर पंक्चर शोधायच्या टबातून हात न काढताच तो म्हणाला, "ते नोको घेऊ बाबू, तुले पाय नाही पुरत. ते लालवाली ने." न ऐकणारे मोठीच नेत आणि दांड्याखालून एक पाय घालून कैची मारत. गुडघे फुटत, किराया मात्र पूर्ण लागे.

त्याची नजर शास्त्राला धरून होती. 1967 साली हॅम्ले आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सीटची उंची बदलून बदलून माणसांना सायकल चालवायला लावली. जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची जी लांबी, तिच्या 109 टक्के अंतर सीटपासून खाली गेलेल्या पायडलपर्यंत असावं, असं त्यांना आढळलं. पाय 70 सेंटिमीटरचा असेल तर हे अंतर साधारण 76 सेंटिमीटर. घरच्या घरी बघायचं तर टाच खालच्या पायडलवर ठेवायची. पाय जेमतेम सरळ झाला की सीट बरोबर. सीट याहून फार खाली असली की गुडघा सतत दुमडलेला राहतो, मांडीचा जोर वाया जातो आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असली की कंबर डावी-उजवीकडे झुलते.

पण दुकानदाराचं खरं कसब वेगळंच होतं. शाळा सुटायच्या थोडं आधी एखादा उंच माणूस आला आणि दारातली लाल सायकल मागू लागला, तरी हा ती देत नसे. उंच माणसाला दोन्ही सायकली चालतात, पोराला एकच. लाल गेली की मागून येणारं पोरगं रिकाम्या हाती परत जाणार, आणि चोवीस इंची भिंतीला टेकून राहणार. पहिल्याला जे हवं ते देऊन टाकलं, तर दोन जोड्यांच्या जागी एकच जुळते.

गणितात या पेचाचा अभ्यास झाला आहे. गिऱ्हाइकं एकेक करून येतात, पुढे कोण येणार ते माहीत नसतं, आणि दिलेली वस्तू परत घेता येत नाही. मिळेल ती जोडी लगेच जुळवत गेलं, तर वाईटात वाईट दिवशी शक्य जोड्यांपैकी निम्म्याच लागतात. 1990 मध्ये रिचर्ड कार्प आणि उमेश व विजय वझिरानी यांनी एक साधी युक्ती मांडली. सकाळी चिठ्ठ्या टाकून सायकलींचा क्रम ठरवायचा आणि तो दिवसभर बदलायचा नाही. येईल त्याला, त्याला चालणाऱ्या शिल्लक सायकलींतली क्रमात सर्वांत वरची द्यायची. एवढ्यानं सरासरी 63 टक्क्यांची हमी मिळते, आणि आंधळेपणानं याहून वरची हमी कुणालाच देता येत नाही, हेही त्यांनी सिद्ध केलं. आमचा दुकानदार आंधळा नव्हता. शाळेची घंटा किती वाजता होते, ते त्याला ठाऊक होतं.

पुण्यात 2017 च्या अखेरीस ॲपवरच्या सायकली विद्यापीठाच्या आवारात आल्या. ॲप जवळची सायकल दाखवायचं, पायाची लांबी विचारत नसे. ते एक वेळ चालेल, सीट खालीवर करता येते. पण एकच सायकल दिवसात अनेकांना पुरायची, तर माणसं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांना जायला हवीत. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मात्र 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 74 माणसं. सकाळी सगळ्या पोरी एकाच रस्त्यानं शाळेला जातात, संध्याकाळी एकदमच परततात. मधल्या वेळी त्या सायकली न्यायला कोण येणार? अशाच वाटून घ्यायच्या बॅटरीच्या स्कूटरचं त्याहून कठीण. तिचं लहान चाक मुरमाच्या खड्ड्यात अडतं, सायकलचं मोठं चाक त्यावरून निघून जातं. आणि लिथियम बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा 45 अंश. मे महिन्यात चंद्रपूरची नुसती हवाच ती ओलांडते.

म्हणून इथे सायकल वाटून घेण्यापेक्षा प्रत्येकीला एक देणंच शहाणपणाचं, असं मला वाटतं. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, ते याच हिशेबात बसतं. अडचण पुढे येते. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत वाढते, सीट मात्र तिथेच राहते.

गडचिरोलीतल्या चामोर्शी रस्त्यावरच्या एका शाळेत मी सायकलींची रांग बघत होतो. सगळ्या एकसारख्या, ओळखायला कुणी हँडलला रिबन बांधलेली, कुणी लाकडी मणी. दहावीतल्या एकीचे गुडघे चालवताना हँडलला लागत होते. सीटची दांडी गंजून नळीत घट्ट बसली होती. तिथल्या सरांनी रॉकेलचे चार थेंब सोडले, थोडा वेळ थांबले, पान्यानं बोल्ट सैल केला आणि सीट पिळत पिळत चार बोटं वर आणली. मुलगी फाटकापर्यंत फेरी मारून आली, पण उतरली नाही. हनुवटीनं मैत्रिणीच्या सायकलीकडे दाखवत म्हणाली, "सर, तिचीही करून द्या ना."