वाडीची विहीर आणि मोबाईल स्टार्टर

अष्टागरांतील वाड्यांत आज चालता रहाट शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. रहाटाच्या जागीं पंप आला, पंपाशेजारीं पत्र्याची पेटी आली, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या पेटींत मोबाईलचें सिम शिरलें. घरीं ओटीवर बसून, किंवा मुंबईस मुलाकडे गेलें असतां तेथून, फोन लावावा आणि इकडे वाडींतील पाट वाहूं लागावा, ही गोष्ट आतां नवलाची राहिली नाहीं. या पेटीविषयीं विक्रेते पुष्कळ सांगतात. परंतु जें सांगतात तें बहुतेक देशावरच्या विहिरींस धरून असतें. आमच्या किनाऱ्यावरील विहिरीचा स्वभाव निराळा आहे. तो ध्यानांत न घेतां हें यंत्र चालविलें तर उभी वाडी धोक्यांत येते, ही गोष्ट बागाईतदार बंधूंच्या नजरेस आणण्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

आम्हांस यंत्रांचा नाद जुना आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हातानें लिहिलेले सातबारे संगणकांत जातांना आम्हीं पाहिले, व त्या कामांत आमचींही बोटें झिजलीं. निवृत्तीनंतर वाडींतच वेळ जाऊं लागला, तेव्हां हा नाद विहिरीकडे वळला. घरच्या मंडळींस तो फारसा पसंत नाहीं, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

विजेच्या बाबतींत आपल्या जिल्ह्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. टाटांचें खोपोली येथील वीजगृह १९१५ सालीं व भिरा येथील १९२७ सालीं सुरू झालें. दोन्ही आपल्याच जिल्ह्यांत. पण ती वीज डोंगर उतरून गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. त्या काळीं आणि त्यानंतर किती तरी वर्षें किनाऱ्यावरील वाडी बैलाच्या किंवा रेड्याच्या बळावरच भिजत होती. मुंबईंत विजेच्या ट्रामी येणार, त्यानें चुंबकीय वेध बिघडतील, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचें तें काम १९०४ पासून अलिबागेस आणण्यांत आलें. म्हणजे अलिबाग निवडण्याचें कारण विजेचा अभाव हेंच! पुढें १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना निघाला, आणि कालांतरानें तेलाचीं एंजिनें व त्यामागून विजेच्या मोटारी आमच्याही विहिरींवर आल्या.

रहाट फार पाणी उपसूं शकत नसे, हा त्याचा दोष सर्वांनीं सांगितला. तोच त्याचा गुणही होता, हें फार थोड्यांच्या लक्षांत आलें. जनावर दमलें कीं माळ थांबे, आणि तेवढ्या अवकाशांत विहीर पुन्हां भरून येई.

आतां विहिरीचा स्वभाव पाहूं. किनाऱ्यालगतच्या वाळूंत व मुरुमांत पावसाचें जें गोडें पाणी मुरतें, तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. खारें पाणी जड, गोडें हलकें. इतकेंच त्याचें रहस्य. हॉलंडांत गायबेन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनींत हर्झबर्ग यांनीं १९०१ मध्यें याचा हिशेब मांडला. त्या हिशेबाप्रमाणें समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल तर सपाटीखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी असतें. ऐकावयास हें फार चांगलें वाटतें. परंतु उलट बाजूनें पाहिल्यास वरची पातळी वीतभर उतरली तर खालचें खारें पाणी वीस हात वर सरकूं पाहतें. तें एका रात्रींत तितकें चढत नाहीं हें खरें, तरी पंपाच्या ओढीनें नेमकें विहिरीखालींच तें शिखरासारखें वर येतें. देशावरची विहीर उपसली कीं कोरडी पडते आणि पंप हवा ओढूं लागतो. आमची विहीर कोरडी पडण्याआधीं खारट होते.

मोबाईल स्टार्टरचें संरक्षण येथेंच फसतें. पंप कोरडा चालूं लागला कीं मोटारीचा विद्युत्प्रवाह कमी होतो. तें ओळखून पेटी मोटार बंद करते. तीनपैकीं एक फेज गेली तरीही ती बंद करते, आणि त्यानें मोटार जळण्याचें वाचतें. या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत. परंतु पाणी गोडें कीं खारें याची पेटीला काय कल्पना? मोटारीवर दोहोंचा भार जवळजवळ सारखाच. त्यांत ‘ऑटो’ म्हणून एक योजना असते: वीज गेली असतां, ती परत येतांच पंप आपोआप सुरू व्हावा. ज्या भागांत वीज रात्रीं-अपरात्रीं येते तेथें ही योजना शेतकऱ्याची झोप वाचविते. आमच्याकडे ती विहीर बुडविते. त्यांतून एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें बिल राज्य सरकारनें माफ केलें आहे. सवलत स्वागतार्ह आहे. पण पंप जास्त चालला हें पूर्वीं बिलावरून तरी कळे, आतां तेंही कळत नाहीं.

आमच्या पेटींत आम्हीं ‘ऑटो’ बंद ठेवून वेळापत्रक घातलें होतें: सकाळीं पाऊण तास, मग विश्रांति, दुपारीं पुन्हां पाऊण तास. दोन वर्षें हें बिनतक्रार चाललें. नंतर एका एप्रिलांत कंपनीनें आपल्या ॲपची नवी आवृत्ति काढली. ती घेतल्याशिवाय जुनें ॲप उघडेना. नवी आवृत्ति आमच्याच फोनवर आली, पण तिनें पेटींतील सर्व नेमणुकी पुसून मूळच्या जागीं आणल्या. आणि कारखान्याची मूळची नेमणूक म्हणजे ‘ऑटो’ चालू. पडद्यावर याबद्दल एक अक्षरही नव्हतें. त्या रात्रीं वीज गेली, दहाच्या सुमारास आली, व पहांटेपर्यंत पंप चालत राहिला. सकाळीं पाट तुडुंब वाहत होते. ओंजळभर पाणी तोंडांत घेतलें आणि थुंकून टाकलें. पंप तत्काळ बंद केला, शेजाऱ्यांच्या टाकींतून आठ दिवस पोफळींस पाणी दिलें. माडांनीं तें सोसलें, कारण माडाला मचूळ पाण्याची बरीच संवय असते. पोफळीला ती नाहीं. विहिरीकडच्या दोन ओळींतील झावळ्यांचे शेंडे महिनाभरांत करपले, आणि विहिरीचें पाणी पूर्ववत् होण्यास पावसाळा उजाडावा लागला. कंपनीस पत्र लिहिलें. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठीं मोलाचा आहे’ असें उत्तर आलें.

त्यानंतर आम्हीं जी योजना केली तींत कोणतेंही ॲप नाहीं. विहिरींत तरंगता गोळा, ज्यास बाजारांत फ्लोट म्हणतात, तो दोरीनें ठराविक खोलीवर सोडला व त्याची तार स्टार्टरच्या कॉइलच्या तारेंत मधें जोडून घेतली. पाणी त्या खुणेखालीं उतरलें कीं गोळा लोंबकळतो, तार तुटल्यासारखी होते व मोटार बंद पडते. मग पेटीनें, फोननें किंवा कंपनीनें कांहींही हुकूम केला तरी पाणी वर येईपर्यंत मोटार फिरत नाहीं. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. ओल्या काठावर विजेशीं खेळूं नये.

गोळा किती खोल सोडावा हें प्रत्येक विहिरीवर निरनिराळें. त्यासाठीं खिशांत मावणारें क्षारमापक यंत्र, ज्यास टीडीएस मीटर म्हणतात, तें घ्यावें. कांहीं शें रुपयांत मिळतें. भर वैशाखांत, विहीर सर्वांत खालीं असतां, अर्धा-अर्धा तास पंप चालवून दर खेपेस पाणी मोजावें आणि पातळीही दोरीनें पाहावी. ज्या पातळीस अंक चढूं लागतो त्याच्या हातभर वर गोळा ठेवावा. अंकाचा अर्थ असा: दहा लाख भागांत क्षारांचे भाग साडेचारशेंच्या आंत असल्यास शेतीस पाणी निर्धोक; तेथून दोन हजारांपर्यंत पीक पाहून व जपून; दोन हजारांपुढें तें बहुतेक पिकांस अपायकारक समजतात. समुद्राच्या पाण्याचा अंक सुमारें पस्तीस हजार असतो. म्हणजे शंभर घागरी गोड्या पाण्यांत एकच घागर समुद्र मिसळला तरी अंक साडेतीनशेंनीं वाढला, आणि सहा घागरी मिसळल्या कीं मर्यादा गांठलीच. जिभेवर भरंवसा ठेवूं नये. जिभेला कळतें तोंवर उशीर झालेला असतो.

खरें पाहतां आपोआप चालणारें यंत्र आमच्या मुलुखांत नवें नाहीं. खारबंदिस्तीच्या उघाड्या कोणी न पाहिलेला शेतकरी पेण-अलिबागेच्या खारेपाटांत नसेल. वर बिजागरीनें टांगलेली फळी; भरतीचें पाणी बाहेरून दाबतें तेव्हां ती मिटते, ओहोटीस आंतलें पाणी ढकलतें तेव्हां उघडते. दिवसांतून दोन भरत्या, दोन ओहोट्या. तिच्या डागडुजीकडे दुर्लक्ष झालें कीं शेतांत खारें पाणी शिरतें व भातजमीन नापीक होते, ही गोष्ट निराळी. पण ती फळी रात्रींतून आपली रीत बदलीत नाहीं.

पाण्याची मूळ गरज कमी करतां आली तर विहिरीवरचा ताण आपोआप घटतो. कासरगोड येथील लागवडी पिकांच्या केंद्रीय संशोधन संस्थेची शिफारस पाहावी. पाटानें दिल्यास पोफळीला दर खेपेस सुमारें १७५ लिटर, आणि उन्हाळ्यांत ही खेप तीन ते पांच दिवसांनीं. चार दिवसांचें अंतर धरल्यास रोजचे चव्वेचाळीस लिटर झाले. ठिबकनें तेंच काम रोज सोळा ते वीस लिटरांत होतें. म्हणजे निम्म्याहूनही कमी. फोनवरून पंप सुरू करण्याच्या सोयीपेक्षां या नळ्यांवर आधीं पैसा घालावा असें आमचें स्पष्ट मत आहे.

सिमविषयींही दोन शब्द. बाजारांतील कित्येक पेट्या अजून दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टू-जी जाळ्यावर चालतात. २०१६ सालीं आलेल्या जिओचें जाळें पहिल्यापासून फोर-जीचें असल्यानें त्याचें सिम अशा पेटींत निरुपयोगी ठरतें. घेण्यापूर्वीं पेटी कोणत्या जाळ्याची आहे हें विचारावें, आणि वाडींत विहिरीच्या काठीं फोन नेऊन रेंज पाहावी. ओटीवर मिळणारी रेंज दाट पोफळींत मिळेलच असें नाहीं. पेटी बोलत नाहीं, इंटरनेट वापरीत नाहीं, तरी तिच्या सिमला पूर्ण रिचार्ज भरावा लागे. ग्राहकांच्या तक्रारींवरून ट्रायनें डिसेंबर २०२४ मध्यें केवळ बोलणें व संदेश एवढ्यापुरत्या योजना ठेवणें कंपन्यांस बंधनकारक केलें, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकते. दुकानदार आपण होऊन ती योजना सांगत नाहीं, मागून घ्यावी.

घरांतील दिवे, पंखे आवाजानें चालविणारी एक बोलकी पेटीही चिरंजिवांनीं आणली होती. तिला आमचें मराठी कळेना, व आम्हांस तिचें हिंदी रुचेना. ती आतां पडवींत आकाशवाणीचें काम करते.

राहिली ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः फोनवरून करावयाची आहे. गांव नमुना बारा तलाठ्यानें चावडींत बसून भरल्याचे जे किस्से सांगतात ते आम्हांसही ठाऊक आहेत, म्हणून ही सुधारणा आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. येथेंही ॲप वरचेवर नवें होतें, आणि जुनें काढून नवें घ्यावें लागतें. तें हंगामाच्या शेवटच्या दिवशीं करूं नये, कारण त्या दिवशीं सारा जिल्हा तेंच करीत असतो. दाट वाडींत उपग्रहाची खूण चुकते व ‘आपण गटाबाहेर आहांत’ असें उत्तर येतें. मोकळ्या जागीं, शक्यतो विहिरीच्या काठीं उभें राहून थोडा वेळ थांबावें, म्हणजे खूण स्थिरावते. मिश्र पिकांत नारळ, सुपारी, जायफळ सर्व नोंदवावें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, तेव्हां मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग येथील वाड्या आडव्या झाल्या. भरपाई प्रथम हेक्टरी पन्नास हजार रुपये ठरली. ज्याची वाडी पांच-दहा गुंठ्यांची त्यास त्या हिशेबानें अडीच ते पांच हजार मिळावयाचे, मग पडलेलीं झाडें कितीही असोत. पुढें झाडामागें मोजण्याचें ठरलें. पण त्याकरितां झाडें किती होतीं हें कागदावर असावें लागतें. आम्हीं आमच्या माडां-पोफळींची गणति ओळवार करून, फोटोंसह, फोनमध्यें व वहींतही ठेवली आहे. वादळानंतर कित्येक आठवडे गांवोगांव वीज नव्हती, फोन मुके झाले होते. त्या दिवसांत वहीच उपयोगीं पडते.

पेटीची निगा आमच्या खाऱ्या वाऱ्यांत अधिक घ्यावी लागते. तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आंत मुंग्या व पाली घरें करतात. तारांच्या भोकांत रबराचे बूच बसवावे, टोकांस व्हॅसलिन लावावें, आणि मृगापूर्वीं मुख्य वीज बंद करून पेटींतील सिम व बॅटरी काढून घरीं कोरड्या डब्यांत ठेवावी. कार्तिकांत पुन्हां बसवितांना पहिली नजर ‘ऑटो’च्या बटणावर टाकावी, दुसरी गोळ्याच्या दोरीवर, दोरी उंदीर कुरतडतात.