स्त्रीबीजाला जाग कशी येते?

गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कधी कधी एकदम बसते. कान गार पडतात, मान पोटाकडे वळवते, उठवली तरी उठत नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन शिरेतून सावकाश कॅल्शियमची बाटली चढवतात आणि थोड्या वेळाने गाय उठून वैरणीला तोंड लावते. सातारा-सांगलीकडच्या गोठ्यांत हा दुग्धज्वर सर्वांच्या ओळखीचा आहे. कॅल्शियम म्हणजे नुसती हाडे आणि दूध नव्हे, हे गाय आपल्याला शिकवते. शरीराच्या आत हुकूम पोचवण्याचे कामही ते करते. माणसाचे मूल आकाराला येऊ लागते, तेही कॅल्शियमच्याच एका हुकमाने.

हे सांगण्याला एक कारण घडले. खानापूर तालुक्यात एका द्राक्षबागेची छाटणी पाहायला गेलो होतो. चहाच्या वेळी घरातली काळजी बाहेर आली. मुलाच्या लग्नाला सहा वर्षे झाली, पाळणा हलला नव्हता. सूनबाईच्या तपासण्या, उपास, नवस सगळे झाले होते आणि आता मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाची तपासणी केली का, असे मी विचारले. आबा म्हणाले, "साहेब, आमच्या बियात खोट नाही. जमीनच नापीक निघाली."

जवळजवळ तीस वर्षे मी बियाणे आणि जमीन यांवरच बोलत आलो, पण ही उपमा ऐकून गप्प बसवेना. मी म्हणालो, "आबा, मक्याचे कणीस आठवा. तुऱ्यातला पराग कणसाच्या केसावर पडतो, त्याची नळी आत उतरते आणि कणसातल्या स्त्रीबीजाला परागातले नरबीज मिळते, तेव्हा दाणा धरतो. बी दोघांचे असते. बाई म्हणजे नुसती जमीन नव्हे, अर्धे बी तिचे आहे."

मग त्यांना सांगितले तेच इथे सांगतो. स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते. ते अंडाशयातून सुटते तेव्हा त्याचे काम अर्ध्यावर थांबलेले असते, जणू ते झोपेत असते. सुमारे एक दिवस ते वाट पाहते. कोट्यवधींतला एक शुक्रजंतू येऊन मिळाला, की तो आपल्याबरोबर आणलेले एक प्रथिन आत सोडतो. स्त्रीबीजाच्या आत कॅल्शियमची कोठारे भरलेली असतात. त्या प्रथिनामुळे कोठारांची दारे उघडतात आणि कॅल्शियमची लाट या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरते. मग कॅल्शियम परत कोठारात ओढले जाते आणि काही मिनिटांनी पुन्हा लाट येते. पाटाचे दार मोडावे, वाफा भरला की बंद करावे, पुन्हा मोडावे, तसे हे कित्येक तास चालते.

या लाटांमुळे स्त्रीबीजाचे कवच घट्ट होते आणि दुसऱ्या शुक्रजंतूची वाट बंद होते. थांबलेले काम पुढे सरकते, आईबापांची जनुके एकत्र येतात आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात.

ही लाट प्रथम दिसली ती मेडाका नावाच्या, जपानच्या भातखाचरांतल्या माशाच्या अंड्यात. कॅल्शियम मिळाले की उजळणारे, समुद्रातल्या जेलीफिशचे एक प्रथिन वापरून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७७ साली ती दाखवली. शुक्रजंतू जे प्रथिन आणतो ते कोणते, हे वेल्समधील कार्डिफच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली उंदरांवर दाखवून दिले. त्याचे नाव पीएलसी झीटा. काही पुरुषांच्या शुक्रजंतूंत हे प्रथिन नसते किंवा बिघडलेले असते, हेही पुढे आढळले. अशा वेळी शुक्रजंतू पोचतो, पण स्त्रीबीजाला जाग येत नाही. कधी दोष स्त्रीबीजातही असू शकतो.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचे मीलन शरीराबाहेर घडवले आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी त्यातून एक मुलगी जन्मली. काचेच्या बशीतही जाग येण्याची रीत हीच. १९९२ साली परदेशात शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत यशस्वी झाली. तरीही जाग आली नाही, तर काही निवडक जोडप्यांत डॉक्टर बशीतल्या स्त्रीबीजातले कॅल्शियम औषधाने वाढवून पाहतात.

मात्र कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या की मूल होते, असे कोणी समजू नये. ही लाट स्त्रीबीजाच्या आतल्या साठ्याची असते. टॉनिकवाल्यांच्या नादी लागून पैसे घालवू नयेत.

करायचे ते एवढेच. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पुरुषाची वीर्यतपासणी पहिल्या तपासण्यांतच करावी. ती सोपी असते, चिरफाड नाही की सुई नाही. वरच्या प्रथिनाचा दोष तिच्यात दिसत नाही, पण शुक्रजंतूंची संख्या आणि चाल कळते. मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. पुढे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करण्याची वेळ आली, तर ते केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे आधी पाहावे.

शेवटी आबांना म्हणालो, "गाय गाभण राहिली नाही तर आपण रेतनाची वेळ बघतो, कांडी बघतो, डॉक्टरला विचारतो. सुनेला तेवढाही न्याय नको का?" आबा काही बोलले नाहीत. चुलीपुढे बसलेल्या सूनबाईंनी मात्र मान वर केली.

निघताना मुलगा मोटारसायकलपर्यंत सोडायला आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब, ती तपासणी कुठं करतात?" मी पत्ता सांगितला आणि म्हणालो, "दोघं जा. आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी आजच थांबवा."