टोलनाका : रोख गेली, टॅग आला

नाशिक जिल्ह्यातल्या पेठवरून घाट उतरणारा 848 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गुजरातमध्ये 48 क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. नाशिककडून मुंबईला निघालेल्या गाडीला घोटीचा नाका लागतो. दोन्ही दिशांना सुट्या पैशांची जागा आता काचेवरच्या फास्टॅगने घेतली आहे.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर त्यातली चिप जागी होते, क्रमांक सांगते आणि जोडलेल्या खात्यातून टोल कापला जातो.

राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग 16 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला. टॅग नसल्यास दुप्पट टोल पडे. 15 नोव्हेंबर 2025 पासून रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल असा नियम लागू झाला. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर मात्र 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोलच माफ झाला.

15 ऑगस्ट 2025 पासून वार्षिक पासही मिळतो; सुरू झाला तेव्हा तो 3,000 रुपयांचा होता. मुदत वर्षाची किंवा 200 फेऱ्यांची, आधी संपेल ती. पण तो फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. डोंगरातला माल बाजारात पोचवणाऱ्या पिकअपला त्यात जागा नाही, आणि ही उणीव पेठसारख्या आदिवासी तालुक्याला जाणवते.

पुढचा टप्पा फाटकाविना टोलचा. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, रीडर टॅग वाचतो, गाडी थांबतच नाही. त्यासाठी ऑगस्ट 2025 मध्ये सुरतजवळच्या चोर्यासी नाक्याची निवड झाली.

टॅगच्या तक्रारींसाठी महामार्ग हेल्पलाइन : 1033.