वाढती लोकसंख्या आणि जराचिकित्सा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आले आहे. वायू, जल, देश व काल दूषित झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने मृत्युमुखी पडतात, असा त्याचा आशय आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारताने याचा दारुण प्रत्यय घेतला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली.

त्यानंतर मात्र चित्र पालटले. जगाची लोकसंख्या १८०४ च्या सुमारास १०० कोटी झाली. २०० कोटींचा टप्पा गाठण्यास १९२७ साल उजाडले. पुढे १९६० मध्ये ती ३०० कोटी, १९९९ मध्ये ६०० कोटी आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. या वाढीचे मुख्य कारण जन्म वाढले हे नसून मृत्यू घटले हे आहे. शुद्ध पाणी, पुरेसे अन्न, लसीकरण व प्रतिजैविके यांचे हे श्रेय मोकळेपणाने मान्य करण्यात वैद्याला कमीपणा नाही.

आता जन्मप्रमाणही घटत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार एका स्त्रीमागे अपत्यांची सरासरी देशात २.० व महाराष्ट्रात १.७ इतकी उतरली आहे. म्हणजेच यापुढील वाढ प्रामुख्याने वृद्धांची असेल. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीय सुमारे १० कोटी होते. २०५० पर्यंत ते ३४ कोटींच्या आसपास जातील, असा अंदाज आहे.

अष्टांग आयुर्वेदात जरा हे स्वतंत्र अंग आहे. तथापि रसायनचिकित्सा म्हणजे केवळ च्यवनप्राशाची विक्री नव्हे. आज आपल्याकडे येणारा वृद्ध रुग्ण बहुधा रक्तदाब, मधुमेह वा हृद्रोगाची औषधे आधीपासून घेत असतो. अशा रुग्णाला ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो व रक्तातील पोटॅशियम घटू शकते. वृक्क दुर्बल असता रसौषधींची योजना विशेष जपून करावी लागते. म्हणून वैद्याने प्रत्येक वृद्धाच्या चालू औषधांची नोंद केसपेपरवर करावी; औषधी दुकानदारानेही ती विचारल्याविना काढा वा गुटी हाती देऊ नये. अग्नी, बल व वय पाहून मात्रा ठरविण्याची शिस्त आपल्या शास्त्राने घालून दिलेलीच आहे.

आयुष्य लांबले, हे मानवाचे मोठे यश होय. ते हितायु व सुखायु करण्याचे दायित्व आता आपल्यावर आहे.