सवय म्हणावी की व्यसन?

माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, त्यासाठी मराठीत शब्द मुबलक आहेत आणि प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. पहाटे उठायची सवय असते, बागकामाचा छंद असतो, पत्त्यांचा नाद लागतो, विडीची तलफ येते, दारूचे व्यसन जडते. छंद माणूस जोपासतो. नाद त्याला लागतो. शेवटी तोच व्यसनाच्या आहारी जातो. लगाम कुणाच्या हाती आहे, हे क्रियापदच सांगून टाकते. तरीही रोजच्या बोलण्यात आपण शब्द निवडतो तो लगाम पाहून नव्हे, तर लोक काय म्हणतील हे पाहून. दारूला व्यसन म्हणायला कुणी कचरत नाही; मिश्री मात्र दात घासायची सवय ठरते. वास्तविक मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरते, आणि अशी धूरविरहित तंबाखूही कर्करोगाला कारण ठरते.

शब्दांच्या या सीमारेषेवर तज्ज्ञही अडखळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये व्यसन आणि सवय यांच्या वेगळ्या व्याख्या केल्या. व्यवहारात त्या टिकेनात, म्हणून १९६४ मध्ये दोन्हींऐवजी ‘अवलंबित्व’ ही एकच संज्ञा सुचवली गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने धूम्रपानाला सवयीच्या खात्यात टाकले. निकोटिनचे व्यसन लागते, हे सर्जन जनरलच्याच अहवालात ठामपणे यायला १९८८ साल उजाडले.

यावर कुणी म्हणेल, उद्या सकाळच्या चहालाही व्यसन म्हणायचे का? सरसकट म्हटले तर शब्दाची धार जाईल, हे खरेच. म्हणून कसोटी हवी: ती गोष्ट मिळाली नाही तर जीव कासावीस होतो का, नुकसान दिसत असूनही ती सुटत नाही का? दुसरा आक्षेप असा, की व्यसनाला आजार म्हटले की माणसाची जबाबदारी संपते. पण मधुमेहाला आजार म्हटल्याने पथ्य सुटत नाही. पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र व्यसनी माणसाला रुग्ण मानते, आणि तरीही बरे होण्याचे कष्ट त्यालाच घ्यावे लागतात. ‘व्यसन’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, म्हणून माणसे ‘सवयी’च्या आडोशाला जातात. त्यातला धिक्कार काढून टाकला, तर खरे नाव घ्यायला आणि वेळेवर मदत मागायला संकोच उरणार नाही.