संगणकाला हुकूम आता आपल्या भाषेत

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर आजवर त्याची भाषा जाणणारा माणूस लागत असे. व्यापारी हिशेबासाठी 1959 मध्ये 'कोबोल' नावाची भाषा तयार झाली. तीत साधे इंग्रजी शब्द होते खरे, पण एखादा पूर्णविराम राहिला तरी काम अडत असे. माहिती शोधण्याचेही तसेच. 1998 मध्ये आलेले गूगल पानांची यादी पुढे ठेवी. ती वाचून उत्तर काढणे आपल्याकडे राही.

30 नोव्हेंबर 2022 रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि ही रीत बदलली. आता मराठीत, हिंदीत किंवा आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी उर्दूत लिहून किंवा बोलून विचारले तरी यंत्र उत्तर देते. सांगितले तर हिशेबाच्या तक्त्याचे सूत्र किंवा छोटा प्रोग्रामही लिहून देते.

मात्र सांगण्याची रीत शिकावी लागते. समजा, चंद्रपूरच्या एका कापड दुकानदाराने उधारीचा तक्ता तयार केला आणि यंत्राला म्हटले, "जुनी उधारी दाखव." जुनी म्हणजे किती दिवसांची? बिलाच्या तारखेपासून मोजायची की शेवटच्या जमा रकमेपासून? परत आलेला माल वजा करायचा की नाही? जुन्या मुनीमजींना हे न सांगता कळे. यंत्र मनाने काहीतरी गृहीत धरते आणि तक्ता बनवून मोकळे होते. म्हणून "बिलाला 60 दिवस झाले, परतीचा माल वजा केला आणि तरीही बाकी आहे, अशी नावे रकमेच्या क्रमाने लाव," असे सांगावे. नंतर दोन-चार खाती वहीशी ताडून पाहावीत. ज्याला आपला धंदा बारकाईने सांगता येतो, त्याच्याच हाती हे यंत्र चालते. इंग्रजी कमी असले तरी बिघडत नाही.

आता धोक्याची बाजू. हे यंत्र पुष्कळ मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत वाक्ये रचते. म्हणून चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठाम सुरात देते. तयार कपड्यांवरील जीएसटीचे पाहा. पूर्वी नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के झाला. यंत्राचे वाचन त्याआधीचे असेल तर ते जुनाच दर सांगू शकते, आणि बिल चुकले तर नोटीस दुकानदाराच्या नावाने येते, यंत्राच्या नव्हे. तेव्हा कराचा प्रश्न असेल तर "इंटरनेटवर शोधून सरकारी पानाचा दुवा दे" असे सांगावे, ते पान स्वतः उघडावे आणि शेवटी कर सल्लागाराला विचारावे.

गडचिरोलीच्या आठवडी बाजारात गिऱ्हाईक गोंडी किंवा माडिया बोलते. या भाषांचा छापील मजकूर थोडा असल्याने यंत्राचे तेथील ज्ञानही तोकडे आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 2025 मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचे ॲप आणले, त्यात गोंडी आहे. तरी भावाची बोलणी सध्या माणसानेच केलेली बरी. शिवाय यंत्राचे डोके दूरच्या मोठ्या संगणकांत असते. भामरागड-एटापल्लीकडे रेंज गेली की ते मुके होते.

हेच कारण आणखी एका गोष्टीला लागू आहे. आपण लिहिलेला मजकूर त्या दूरच्या संगणकांत जातो. उधारीचा तक्ता देताना गिऱ्हाइकांची नावे आणि फोन क्रमांक काढून त्याजागी खाते क्रमांक घालावेत. आधार आणि बँकेचे आकडे तर मुळीच देऊ नयेत.