गिऱ्हाइकाचा तोरा आणि काउंटरमागचा माणूस

मजुरीचा दर, कामाचे तास, बोनस आणि अपघाताची भरपाई या चार विषयांवर कामगार चळवळीत आजवर जेवढी भाषणे झाली, तेवढी दुसऱ्या कशावरही झाली नसतील. ते योग्यच आहे. पोटात अन्न असल्यावाचून माणसाला ताठ उभे राहता येत नाही. परंतु दुकानांतून, हॉटेलांतून आणि विक्रीच्या मोठमोठ्या दालनांतून राबणाऱ्या माणसांची संघटना बांधताना एक पाचवी गोष्ट आमच्यापुढे वारंवार आली आहे. ती म्हणजे पाणउतारा. पगार वेळेवर मिळतो, दालन थंडगार आहे, गणवेश छान आहे, आणि तरीही कामात हुशार असलेली मुलगी सहा महिन्यांत नोकरी सोडते. कारण विचारले तर म्हणते, "दादा, कामाचं काही नाही हो, बोलणं ऐकवत नाही." हे 'बोलणं' येते कोठून, त्यात कोणाचा फायदा असतो आणि त्याला आळा घालता येतो काय, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

प्रथम चैनीची वस्तू म्हणजे काय ते पाहू. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली आरामखाऊ वर्गाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार साधा आहे. तांदूळ महागला म्हणजे माणूस तो बेताने आणतो. पण काही वस्तू अशा असतात की त्या महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात. पाचशे रुपयांचे घड्याळ आणि पाच लाखांचे घड्याळ वेळ एकच दाखवतात. वरचे चार लाख साडेनव्याण्णव हजार वेळ पाहण्यासाठी मोजलेले नसतात. आपल्याला ते मोजता येतात हे चारचौघांना दिसावे म्हणून मोजलेले असतात. म्हणजे अशा दुकानात जो माल विकला जातो, त्याचे खरे नाव मोठेपणा.

आता मोठेपणाचा एक चमत्कारिक गुण असा की तो एकट्याला उपभोगता येत नाही. जेवण एकट्याला जेवता येते, पण मोठेपणाला कोणीतरी समोर लहान होऊन उभे राहावे लागते. दार उघडणारा, पाणी आणणारा, वाकून बोलणारा आणि गिऱ्हाईक कोचावर बसलेले असताना चार चार तास उभा राहणारा माणूस हा त्या मालाचाच एक भाग होऊन बसतो. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली याला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. हमाल पाठ विकतो, कारकून हात विकतो, तसे येथे हसू विकावे लागते. पाठ दुखली तर हमालाला कण्हता तरी येते. अपमान झाला तरी विक्रेतीला हसतच राहावे लागते, कारण हसू हेच तिचे काम. त्या हसण्याचा मोबदला पगारपत्रकात कोठेच दिसत नाही.

यावर आमचे व्यापारी मित्र म्हणतील, "गिऱ्हाइकाचे चार शब्द ऐकून घेणे हा धंद्याचा धर्मच आहे. आमच्या आजोबांनीही ते केले." खरे आहे. पेठेतल्या जुन्या दुकानात मालक स्वतः गादीवर बसे. चोखंदळ गिऱ्हाइकासाठी तो पन्नास लुगडी उलगडून दाखवी, टोमणे ऐकून घेई आणि शेवटी गल्ल्यात पैसे पडले म्हणजे त्याचे समाधान होई. परंतु तेथे सोसणारा आणि मिळवणारा हे दोघे एकच होते. फारच झाले तर "बाई, आपण दुसरीकडे पाहा" असे म्हणण्याचा अधिकारही त्याच्याच हाती होता. आजच्या दालनात सोसणारी एक आहे, मिळवणारा भलताच आहे, आणि 'पुरे' म्हणण्याचा अधिकार या दोघांपैकी सोसणारीकडे नाही. आमच्या मते सारा अनर्थ या फारकतीत आहे.

मग जो मिळवतो तो तरी 'पुरे' का म्हणत नाही? याचे उत्तर धंद्याच्या हिशेबात आहे. बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेने २०२२ सालच्या जागतिक बाजाराविषयी असा अंदाज दिला की चैनीच्या मालाच्या विक्रीपैकी सुमारे ४० टक्के रक्कम वरच्या अवघ्या २ टक्के गिऱ्हाइकांकडून येते. हा एक आकडा नीट समजून घ्यावा. किराणा दुकानात एक गिऱ्हाईक रागावून गेले तर मालकाचे फारसे बिघडत नाही. येथे मात्र एक मातबर गिऱ्हाईक रुसले तर महिन्याचे टार्गेट कोसळते. साहजिकच मॅनेजर गिऱ्हाइकाची समजूत घालतो आणि मुलीला माफी मागावयास लावतो. त्याला वरून दटावणी मिळालेली असते, ती तो विभागप्रमुखाला देतो, विभागप्रमुख मुलीला देतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते आणि वांगे नेहमी तेच असते. इन्सेंटिव्ह विक्रीवर आणि बढती गिऱ्हाइकाच्या शेऱ्यावर, अशी पद्धत असली म्हणजे मुलगी तक्रारही करीत नाही. अरेरावी ही एखाद्या तापट माणसाच्या स्वभावातून येते असे आपण समजतो. वस्तुतः ती पुष्कळदा पगाराच्या पद्धतीतूनच येते.

हे चित्र सर्वांत ठळक पाहावयाचे असेल तर दक्षिण कोरियाकडे पाहावे. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली तेथील माणसाने चैनीच्या मालावर दरडोई सरासरी ३२५ डॉलर खर्च केले. दरडोई हिशेबात तो देश जगात पहिला ठरला. तेथील मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. एका प्रसिद्ध दुकानसाखळीने सर्वाधिक खरेदी करणाऱ्या ९९९ गिऱ्हाइकांचा एक स्वतंत्र वर्गच केला आहे. विश्रांतीची खोली वेगळी, गाडी लावावयास माणूस वेगळा.

अशा या देशात डिसेंबर २०१४ मध्ये दोन प्रसंग घडले. ५ डिसेंबर रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या कोरियन एअरच्या विमानात पहिल्या वर्गातील एका प्रवासी बाईंना मॅकाडेमिया नावाचा सुका मेवा बशीऐवजी पुडीत देण्यात आला. या बाई म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांच्या कन्या आणि स्वतः कंपनीच्या उपाध्यक्षा चो ह्युन-आ. त्यांनी सेवकांची खरडपट्टी काढली आणि निघालेले विमान परत फिरवून मुख्य सेवकाला खाली उतरवले. याच महिन्याच्या अखेरीस सोलजवळच्या बुचॉन शहरात एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर काम करणाऱ्या तरुण मुलांना एका मातबर गिऱ्हाइकाने जमिनीवर गुडघे टेकावयास लावले. पहिल्या प्रसंगात गिऱ्हाईक आणि मालक एकाच देहात होते, दुसऱ्यात ते वेगळे होते. पण गुर्मी दोहोंची सारखीच. पैसा मोजणाऱ्याला समोरच्या माणसाच्या कामावरच हक्क मिळतो, माणसावर नाही, हा भेद दोन्हीकडे पुसला गेला होता.

यानंतर जे घडले ते आम्हां चळवळीतल्या लोकांना अधिक महत्त्वाचे वाटते. लोकांत संतापाची लाट उसळली. उपाध्यक्षाबाईंना फेब्रुवारी २०१५ मध्ये एक वर्षाची कैद झाली. मे महिन्यात अपिलात शिक्षा कमी व स्थगित होऊन त्या सुटल्या. पण प्रकरण तेथे मिटले नाही. २०१८ साली त्याच कुटुंबातील आणखी एका अरेरावीची वार्ता फुटली तेव्हा कंपनीचे कर्मचारी ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर मुखवटे घालून रस्त्यावर आले, आणि मार्च २०१९ मध्ये भागधारकांनी अध्यक्षांना संचालक मंडळावरून मतदानाने दूर केले. १८ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे गिऱ्हाइकांशी बोलण्याचे काम करणाऱ्यांच्या रक्षणाचा कायदा अमलात आला. गिऱ्हाईक शिवीगाळ करू लागले तर ते काम थांबवणे किंवा बदलून देणे, विश्रांती देणे, उपचाराची सोय करणे आणि फिर्याद करावयाची झाल्यास पुरावा पुरवणे ही जबाबदारी मालकावर आली. असे संरक्षण मागितले म्हणून कोणाला कामावरून काढले तर तो गुन्हा ठरला. १६ जुलै २०१९ पासून वरिष्ठांकडून होणाऱ्या छळालाही कायद्याने बंदी झाली.

कायदा झाला म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. काउंटरवरची विक्रेती उभी असते दुकानात, पण पुष्कळदा नोकर असते माल बनवणाऱ्या कंपनीची. दुकान म्हणते आम्ही तिचे मालक नव्हे. कंपनी म्हणते दालनाचे नियम दुकानाचे. आमच्याकडच्या कंत्राटी कामगाराला ही टोलवाटोलवी नवी नाही. म्हणूनच कोरियातील कामगारांनी दीर्घकाळ मागणी केली, आणि कामाच्या अटी प्रत्यक्षात जो ठरवतो तोही मालकच, असा बदल ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील संसदेने संमत केला. शनेलसारख्या कंपनीच्या कोरियातील विक्रेत्यांनीही डिसेंबर २०२१ मध्ये संप केला होता. सुटीच्या दिवसांचा हक्क, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाला आळा आणि घरबसल्या मागवलेल्या मालामागेही आमचे श्रम असतात याची मान्यता, या त्यांच्या मागण्यांत होत्या. अत्तराच्या दुकानातही घाम असतो, हे त्या संपाने जगाला सांगितले.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले झाले. तर आता आपल्याच देशात, केरळात या. तेथील साड्यांच्या आणि सोन्याच्या झगमगत्या पेढ्यांतून मुली दहा दहा, बारा बारा तास उभ्या राहत. गिऱ्हाईक नसले तरी बसावयाचे नाही, भिंतीला टेकावयाचे नाही. कोझिकोडच्या बाजारपेठेत कित्येक दुकानांतून बायकांसाठी शौचकूपही नव्हते. त्यामुळे त्या पाणी पिण्याचे टाळत आणि मूत्रमार्गाची दुखणी ओढवून घेत. पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी या बायकांना एकत्र केले आणि 'पेनकूट्टू' ही संघटना उभारली. कोरियात ते दोन प्रसंग घडले त्याच डिसेंबर २०१४ च्या अखेरीस त्रिशूर येथील एका मोठ्या साडी-दुकानापुढे काही विक्रेत्या बसण्याच्या हक्कासाठी ठिय्या देऊन बसल्या. बसण्यासाठी बसून केलेला असा सत्याग्रह आमच्या वाचनात दुसरा नाही. २०१८ साली केरळ सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली; २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला.

एक खुर्ची! तिची किंमत ती किती? कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने केली होती. त्यानंतर सत्तर वर्षांनी केरळातील विक्रेतीला ती मिळाली. खुर्चीला मालकांचा विरोध खर्चापायी नव्हता. बसलेली विक्रेती दिसली की गिऱ्हाइकाच्या मोठेपणाला उणेपणा येतो, अशी त्यांची समजूत. उभे राहणे हा तिच्या कामाचा भाग नव्हता. तो विकल्या जाणाऱ्या मालाचा भाग होता. आम्ही वर जे म्हटले त्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

आता आपल्या गावाचा विचार करू. कायद्याच्या बाबतीत आपण अगदीच रिकाम्या हाताचे नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने, कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रीचे रक्षण करण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने अश्लील चाळे केले तर "तो आमचा नोकर नव्हे" ही पळवाट मालकाला नाही. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे. पण साध्या पाणउताऱ्याला, शिवीगाळीला, सर्वांदेखत नाक घासावयास लावण्याला आळा घालणारे, कोरियासारखे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. तोवर ते कलम करारात घालून घेणे हे युनियनचे काम आहे.

आमच्या मागण्या चारच आहेत. प्रत्येक विक्रेत्यामागे बसावयास जागा असावी. गिऱ्हाईक मर्यादा सोडू लागले की काउंटर सोडून वरिष्ठाला बोलावण्याचा हक्क विक्रेत्याला असावा, आणि तो कोणता वरिष्ठ ते भिंतीवर लिहिलेले असावे. अशा प्रसंगाची नोंद वहीत व्हावी आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे. आणि गिऱ्हाइकाचा नुसता शेरा पाहून, विक्रेत्याची बाजू न ऐकता, कोणाचा इन्सेंटिव्ह कापू नये की मेमो देऊ नये. यातली एकही मागणी दुकान बुडवणारी नाही. उलट, दर सहा महिन्यांनी नवी मुलगी शिकवून तयार करण्यास काय खर्च येतो हे ज्या मालकाने मांडून पाहिले असेल, त्याला आमचे म्हणणे फायद्याचेच वाटेल.

शेवटी एक शब्द आपणांपाशी. माल खराब निघाला तर तक्रार अवश्य करावी. पैसे परत मागावे. जरूर तर ग्राहक न्यायालयात जावे. तो आपला हक्क आहे आणि त्याच्या आड कोणतीही युनियन येणार नाही. परंतु तक्रार वस्तूविषयी असते, अपमान माणसाचा होतो. या दोहोंतली रेघ ओळखण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. पाडव्याला सोने आणि दसऱ्याला कपडा घेणारे आपणच, आणि ज्यांच्या मुली-सुना काउंटरमागे उभ्या असतात तेही आपणच. पुढच्या वेळी दुकानात शिराल तेव्हा एवढेच पाहा, की आपल्याला माल दाखवणाऱ्या बाईला बसावयास जागा आहे की नाही. नसेल, तर मालकाला विचारा. मुलीने विचारले तर तिची नोकरी जाईल. आपण विचारले तर खुर्ची येईल.